तार रुंद झाली. आता संगणक ठेवायचा कुठे?

रॅकवाला

गेल्या शनिवारी घरी एक गंमत झाली, त्यावरून हा धागा काढतोय.

भाच्याच्या मुंजीचं शूटिंग ज्याने केलं त्याने सगळं एका पेनड्राइव्हवर भरून दिलं. ६४ जीबीचा, काठोकाठ. बहीण कोल्हापुरात, पेनड्राइव्ह माझ्याकडे पिंपळे सौदागरला. म्हटलं लॅपटॉपवर उतरवून घेऊ आणि उतरेल तसं क्लाउडवर चढवत जाऊ, म्हणजे बहिणीला रात्रीपर्यंत बघता येईल. दोन्ही कामं एकदम लावली आणि चहा टाकायला गेलो. येऊन बघतो तर चढवणारी पट्टी उतरवणाऱ्या पट्टीला अगदी खेटून उभी. एक फाइल लॅपटॉपवर आली की लगेच पुढे गेली, की पुन्हा वाट बघणं सुरू. भिंतीतून येणारी तार रिकामी बसून होती आणि हातातला पेनड्राइव्ह तिला पुरा पडत नव्हता.

घरचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा, जाताना-येताना सारखाच. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की सेकंदाला साधारण ३७ एमबी. पेनड्राइव्ह जुना, यूएसबी २ वाला. तो वीस-बावीसच्या वर जाईना.

मला १९९७ आठवलं. ३३.६ केबीपीएसचा मोडेम, कॉलेजात एकच. एका फ्लॉपीत मावेल एवढा मजकूर, म्हणजे १.४४ एमबी, उतरवायला सगळं सुरळीत चाललं तर पावणेसहा मिनिटं. फ्लॉपी खिशात टाकून सायकलवरून मित्राच्या होस्टेलवर जायला चार. सायकल दर वेळी जिंकायची.

आता मुद्द्यावर येतो. माझं पोट साठवणुकीच्या धंद्यावर चालतं: डेटाबेस, बॅकअप, डिस्क. २०१२ मध्ये आम्ही ऑफिसात हडूपचं क्लस्टर उभं केलं, म्हणजे डेटा आणि काम अनेक मशिनांत वाटून देणारी यंत्रणा. वीस मशिन, प्रत्येकात बारा डिस्क. एक डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, बारा मिळून सव्वा जीबीच्या आसपास. आणि त्या मशिनला बाहेर पडायला पोर्ट किती? १ जीबीपीएस, म्हणजे १२५ एमबी. आत दहापदरी रस्ता आणि दारात बोळ. म्हणून सगळी रचनाच अशी होती की डेटा जागचा हलवायचा नाही, प्रोग्राम त्याच्याकडे पाठवायचा. गूगलने २००४ मध्ये मॅपरिड्यूसचा पेपर काढला, त्यातली बरीचशी हुशारी या एकाच अडचणीवर उभी आहे. नेटवर्क महाग, जपून वापरा. आम्ही ते शिस्तीने पाळलं. कुठला तुकडा कुठल्या मशिनवर आहे याचे तक्ते भिंतीवर चिकटवलेले असायचे.

२०१९ मध्ये ते क्लस्टर मी माझ्या हाताने उघडलं. डिस्क एकेक करून काढल्या, दोनशे चाळीस, आणि तोडायला पाठवल्या. आता डेटा एका बाजूला सामाईक कोठारात आणि हिशेब करणारी मशिनं दुसऱ्या बाजूला, लागतील तेव्हा तासावर घ्यायची. त्यांना २५ जीबीपीएसची वाट, म्हणजे सेकंदाला तीन जीबी. डिस्क शेजारी आहे की इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, हे कामाला कळतच नाही. गूगलने २०१५ मध्ये त्यांच्या डेटासेंटरच्या आतल्या नेटवर्कची माहिती छापली होती: सेकंदाला १ पेटाबिट, म्हणजे एक लाख सर्व्हर एकाच वेळी एकमेकांशी १० जीबीपीएसने बोलू शकतील इतकं. तो आकडा वाचला तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझे भिंतीवरचे तक्ते गेले.

या गोष्टीची भाकितं जुनी आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गेज १९८४ मध्येच म्हणाले होते की नेटवर्क हाच संगणक. नव्वदीच्या मध्यावर ओरॅकलच्या लॅरी एलिसननी पाचशे डॉलरचा, जवळ काहीच न साठवणारा 'नेटवर्क कॉम्प्युटर' आणायची घोषणा केली. विचार बरोबर, पण घरात मोडेम. तो चालला असता तरच नवल. तंत्रज्ञानावर लिहिणारे जॉर्ज गिल्डर सांगत होते की बँडविड्थ (तारेची रुंदी) संगणकाच्या ताकदीच्या तिप्पट वेगाने वाढणार. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ याकब नील्सन यांनी १९९८ मध्ये बरोबर उलटं मांडलं: घरचं कनेक्शन वर्षाला ५० टक्क्यांनी वाढतं, संगणक ६० टक्क्यांनी, म्हणजे तार कायम मागेच राहणार. दोघांच्या आकड्यांना आधार होता. गिल्डर समुद्राखालची फायबर बघत होते, नील्सन घरातला मोडेम.

मग २००५ च्या आसपास प्रोसेसरचा घड्याळ-वेग तीन-चार गिगाहर्ट्झला अडकला आणि त्यानंतर फारसा पुढे सरकला नाही. कोअर वाढले, पण एकेकट्या कोअरची धाव मंदावली. तार मात्र थांबली नाही.

तर माझं म्हणणं असं: संगणक तिकडेच जातो जिकडे वाट रुंद असते. घराघरात १० जीबीपीएस आलं की टेबलावर पडदा आणि कीबोर्ड सोडून काही उरणार नाही. खोडून काढा.

शंकासूर

हे मी १९९९ पासून ऐकतोय. दर पाच वर्षांनी कोणीतरी येतो आणि माझा पीसी माझ्या टेबलावरून उचलतो. पीसी आहे तिथेच आहे.

तुमच्या खिशातला फोन काढून बघा. तुमचं खरं असतं तर आत्तापर्यंत फोनमध्ये स्वस्तातली चिप आणि नुसता पडदा असायला हवा होता. झालंय उलटं. फोर-जी आलं, फाइव्ह-जी आलं आणि प्रत्येक वेळी फोनमधली चिप आणखी दांडगी झाली. याचं उत्तर द्या, मग बोलू.

(घरी चार हार्डडिस्क आहेत. कपाटात. धुण्याच्या साबणाच्या डब्यामागे. कोणाचं सबस्क्रिप्शन नाही, काही नाही.)

रॅकवाला

शंकासूर, फोनचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण फोनमधली ती ताकद कशाला लागते बघा. कॅमेरा सेकंदाला तीस फोटो घेतो, त्यातला गोंगाट तिथल्या तिथे साफ करायचा, व्हिडिओ आकसून लहान करायचा. पाठवायच्या आधी आवळायलाच ताकद लागते, आणि आवळतो कशासाठी? तर वर जाणारी वाट अरुंद म्हणून. शिवाय रेडिओवरून एकेक बिट पाठवायला बॅटरी जाते. तारेला ती अडचण नाही.

साबणाच्या डब्यामागच्या डिस्क वर्षातून एकदा तरी चालू करून बघत जा. सांगून ठेवतो.

लॅग्या

लोकहो, रुंदी आणि लांबी यात गल्लत होतेय.

पाइप कितीही जाड करा, पाणी पोचायला लागायचा तो वेळ लागतोच. काचेत प्रकाशाचा वेग साधारण सेकंदाला २ लाख किलोमीटर, पोकळीतल्याच्या दोन तृतीयांश. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किमी. जाऊन-येऊन ७,८००, म्हणजे ३९ मिलिसेकंद, आणि हे केबल एकही वळण न घेता गेली असं धरून. गेमला सेकंदाला ६० फ्रेम लागतात, एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मी बटण दाबलं ते सिंगापूरला कळेपर्यंतच एक फ्रेम संपून दुसरी चालू झालेली असते आणि परत चित्र यायचंच असतं.

मी चार वर्षं स्पर्धेतले गेम खेळलोय, बोटांना २० मिलिसेकंदांचा फरक कळतो. घरचे म्हणतात नाटकं करतो.

गूगलचं स्टेडिया, म्हणजे गेम लांबच्या सर्व्हरवर चालवून घरी नुसतं चित्र पाठवणारी सेवा, नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं, जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळलं. भारतात तर आलंच नाही. बंद पडायला धंद्याचीही कारणं होती, सगळं प्रकाशाच्या माथी मारत नाही. पण मुंबईत, पुण्यात, नागपुरात सर्व्हर असेल तरच पडदा-कीबोर्डवाली गोष्ट शक्य आहे. पुणे-मुंबई १५० किमी धरा, जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. हे चालेल. म्हणजे संगणक 'ढगात' जाणार नाही, गल्लीच्या टोकाला जाणार.

पोकळ फायबर येतेय, तिच्यात काचेऐवजी हवेतून प्रकाश जातो, वेग जवळपास पूर्ण ३ लाख. सिंगापूर मग २६ मिलिसेकंदांवर. त्याच्या खाली कोणाच्या बापाला जाता येणार नाही.

कोपऱ्यातले काका

मंडळी, मी टेलिफोनच्या धंद्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. थोडं जुनं सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल १९५६ साली पडली. एका वेळी ३६ संभाषणं. सदतिसाव्याने वाट बघायची. १९८८ साली पहिली फायबर पडली, तिच्या एका जोडीतून २८० एमबीपीएस. अमेरिका आणि युरोप यांच्यामधल्या एका अख्ख्या फायबर जोडीत जे मावायचं त्याहून जास्त आज रॅकवाल्यांच्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये मुंजीच्या व्हिडिओसाठी येतंय. २०१८ पासून त्याच समुद्रात व्हर्जिनिया ते बिल्बाओ अशी ६,६०० किमीची केबल चालू आहे, ती १६० टेराबिटसाठी बांधलेली.

हे कसं झालं ते कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. काच जवळजवळ तीच आहे. बदललं ते टोकाला आणि मधल्या ठाण्यांवर. पूर्वी ठरावीक अंतरावर प्रकाश क्षीण झाला की त्याची वीज करायची, ती वाढवायची, पुन्हा प्रकाश करायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेली फायबर आली. तिच्यात प्रकाश प्रकाशच राहून वाढतो, आणि एकदम अनेक रंग वाढतात. मग एका केसाएवढ्या काचेतून एका रंगाच्या जागी ऐंशी-शंभर रंग. प्रत्येक रंग म्हणजे वेगळी तार समजा. रस्ता पुन्हा खोदायचा नाही, दोन टोकांच्या पेट्या बदलायच्या. आमच्याकडे म्हणायचो, काच एकदाच पुरा आणि पेट्या नातवंडांना बदलू द्या.

अवांतर: १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं तेव्हा मी ड्यूटीवर होतो. आमच्या साहेबांनी विचारलं होतं, हे घेऊन लोक करणार काय?

बोरूबहाद्दर

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

सड्यावरची

मी शाळेत शिकवते. तालुका राजापूर, गावाचं नाव नको.

वरचं सगळं वाचलं. १० जीबीपीएस वगैरे. आमच्याकडे काय आहे ते सांगते. गावात रेंज नाही. वर सड्यावर चिऱ्यांचा एक ढीग पडून आहे, कोणीतरी घर बांधायला काढले आणि बांधलं नाही, त्यावर उभं राहिलं की दोन काड्या येतात. पावसात लाइट गेली की टॉवरही जातो, मग त्याही नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फायबरची पेटी आहे. तिचा दिवा हिरवा झालेला मी पाहिलेला नाही.

रेशनला अंगठा लागतो. मशिनला नेट लागतं. म्हणून दुकानदार महिन्यातले दोन दिवस मशिन घेऊन सड्यावर बसतो, छत्री लावून. म्हाताऱ्या बायका काठी टेकत वर येतात, अंगठा देतात, पावती घेतात आणि तांदूळ न्यायला परत खाली जातात. अंगठे वर, तांदूळ खाली. एका आजींचा अंगठा घासून घासून उमटत नाही, त्या तीनदा वर येऊन गेल्या.

आता मला सांगा, पूर्वी रजिस्टर होतं. ते दुकानातच होतं. हिशेब करणारी अक्कल दुकानात होती. ती उचलून कुठे तरी लांब नेली आणि इथे फक्त अंगठा ठेवायची काच राहिली. तुमच्या भाषेत पडदा आणि कीबोर्ड.

शाळेतही तेच. जुन्या संगणकावर सीडी घालून गणिताचे खेळ चालायचे, मुलं रांग लावायची. ते खेळ आता वेबसाइटवर आहेत. मी रत्नागिरीला बहिणीकडे गेले की रात्रभर व्हिडिओ उतरवते, मेमरी कार्डात भरून आणते आणि मुलांच्या घरच्या फोनमध्ये एकेक करून टाकते. म्हणजे मीच तुमची सायकल.

रॅकवाला

ताई, यावर मी काय बोलणार. मी लिहिलेलं वाक्य तुमच्या बाजूने वाचलं की फार वेगळं ऐकू येतं.

एक मात्र तांत्रिक म्हणून सांगतो. ते मशिन तसं असायलाच हवं असं नाही. अंगठ्याचा ठसा आणि महिन्याचा कोटा मशिनमध्ये ठेवून, नेट येईल तेव्हा मागाहून जुळवणी करता येते. आम्ही डेटाबेसवाले तीस वर्षं हेच करतोय. लबाडीची भीती असते, म्हणून जागच्या जागी खातरजमा हवी असते. पण तो कोणी तरी घेतलेला निर्णय आहे, तारेचा नाही.

शंकासूर

+१००. सड्यावरच्या ताईंना. 'नेटवर्क हाच संगणक' म्हणजे नेटवर्क नाही तर संगणक नाही. आमच्या कपाटाला हसत होते लोक.

कोपऱ्यातले काका

ताई, व्याख्या बघा कशा बदलल्या. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. २०१३ मध्ये ५१२ केलं. २०२३ मध्ये २ एमबीपीएस. रॅकवाल्यांच्या ३०० शी तुलना केलीत तर कायद्यातलं ब्रॉडबँड अजून फ्लॉपीच्याच काळात आहे.

आणि शहरवाल्यांनी फार हुरळू नये. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या आणि इथल्या कॉल सेंटरांपासून बँकांपर्यंत सगळे कित्येक दिवस लंगडत होते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर केबल वर येते ती जागा बघितलीत तर वाटणारही नाही की यावर एवढं काही टांगलेलं आहे. तुमचा सडा इजिप्तजवळ, एवढाच फरक.

खोडदकर

आमच्या दारातलं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून मी देतो.

नारायणगावहून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना लांब पसरलेल्या, टोकाची अंतरं पंचवीस किलोमीटरपर्यंत. द्राक्षाच्या बागेतून जाताना अचानक एक समोर येते. प्रत्येक अँटेनाला आलेला सिग्नल फायबरवरून मधल्या इमारतीत येतो आणि तिथे तिसाही एकमेकींशी जुळवतात, तेव्हा त्या एका प्रचंड दुर्बिणीसारख्या वागतात. लहानपणी विज्ञान दिनाला आम्हाला आत सोडायचे. गेटवर मोबाइल बंद करायला लावायचे ते अजून लक्षात आहे.

धाग्याशी संबंध असा की पूर्वी तिथली जुळवणी खास त्याच कामाच्या हार्डवेअरवर व्हायची आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा घेता यायचा. आता नव्या रूपात ४०० मेगाहर्ट्झ. जुळवणी बाजारात मिळणाऱ्या ग्राफिक कार्डांवर होते, पुढे एफपीजीए, म्हणजे हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिप आहेत. म्हणजे गेमरांची कार्डं पल्सार (ठोक्यांसारखे रेडिओ सिग्नल देणारे तारे) शोधतात. (लॅग्या, हलके घ्या.)

याच्या उलट बाजू बघा. कृष्णविवराचा पहिला फोटो १० एप्रिल २०१९ ला आला. तिथे अँटेना पृथ्वीभर पसरलेल्या. २०१७ च्या निरीक्षणातून जवळजवळ ५ पेटाबाइट डेटा जमला. कोणत्याही तारेने तो पाठवणं परवडणारं नव्हतं, म्हणून हार्डडिस्क पेट्यांत भरून विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमानं चालू होईपर्यंत पडून होत्या. तत्त्व तेच, एका ठिकाणी तार पुरली आणि दुसरीकडे सायकल लागली.

सर्नच्या शेजारी

खोडदकरांना जोड देतो. मी जिनिव्हाजवळ राहतो, कण भौतिकीच्या डेटावर काम करतो. रॅकवाल्यांनी हडूपचं जे सांगितलं ते आमच्याकडे खंडांच्या पातळीवर घडलं.

एलएचसी, म्हणजे सर्न प्रयोगशाळेतलं प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारं यंत्र, त्याच्या डेटाचं नियोजन नव्वदीच्या शेवटी झालं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की तार तुटपुंजी असणार. म्हणून उतरंड रचली. वर सर्न, खाली अकरा मोठी केंद्रं, त्यांच्याखाली विद्यापीठं आणि संस्था. मुंबईचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) या तिसऱ्या पायरीवर. डेटा आधीच वाटून ठेवायचा, ज्याने त्याने आपल्या वरच्याकडूनच घ्यायचा. अगदी सरकारी पत्रव्यवहार. २०१० मध्ये प्रत्यक्ष काम जोरात सुरू झालं तर काय, नेटवर्क अंदाजापेक्षा कितीतरी चांगलं निघालं. मग उतरंड मोडली. कुठलंही केंद्र कुठूनही डेटा ओढू लागलं. आज मी चालवलेलं काम मुंबईत चालू असतं आणि फाइल इटलीतून वाचत असतं, मला ते बघावंही लागत नाही.

पण माझ्या मते खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे, टकरी टिपणाऱ्या डिटेक्टरजवळची. तिथे सेकंदाला ४ कोटी वेळा प्रोटॉनचे गुच्छ एकमेकांतून जातात. सगळं बाहेर काढणं अशक्य, म्हणून डिटेक्टरला चिकटूनच खास इलेक्ट्रॉनिक्स बसवतात. ते काही मायक्रोसेकंदांत ठरवतं की हे ठेवायचं का टाकायचं. जवळजवळ सगळं टाकलं जातं. आणि टाकलेलं कायमचं गेलं. त्यात काही नवीन होतं का, हे कोणालाच कधीच कळणार नाही. मला तरी त्याची रुखरुख लागते.

एलएचसीबी नावाच्या प्रयोगाने २०२२ मध्ये ती चाळणीच काढून टाकली. शंभर मीटर खालच्या गुहेतून हजारो फायबर वर जमिनीवर आणल्या, सेकंदाला सुमारे ४ टेराबाइट, आणि सगळ्याच्या सगळ्या टकरी साध्या सर्व्हरवर, ग्राफिक कार्डांवर तपासायला घेतल्या. अजूनही बहुतेक टाकावंच लागतं. पण आता काय टाकायचं हे प्रोग्राम ठरवतो, सर्किट नाही. उद्या एखाद्या विद्यार्थिनीला वेगळी कल्पना सुचली तर ती पुढच्या महिन्यात लावून बघता येते. तार रुंद झाल्याने प्रश्न विचारायची जागा बदलली. मला हे टेबलावरचा पीसी जाण्यापेक्षा मोठं वाटतं.

टोकनवाली

उशिरा येतेय. सगळ्यांनी एआय सोडून सगळं घेतलं म्हणून.

रॅकवाला, तुमच्या दाव्याला एक छोटा सुरुंग लावते. एआयशी गप्पा मारायला तुमचं ३०० एमबीपीएस लागतच नाही. उत्तर येतं सेकंदाला फार तर काही डझन शब्द. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं धरा, तरी तुमच्या १९९७ च्या मोडेमवरून सहज जाईल. संगणक अख्खा तिकडे गेला आणि त्यासाठी घरची तार रुंद व्हायची गरजच पडली नाही!

मग बँडविड्थ लागते कुठे? पेटीच्या आत. ७ अब्ज आकड्यांचं एक लहान मॉडेल घ्या, आवळून ३.५ जीबी. एकेक शब्दाचा तुकडा बाहेर काढायला ते अख्खं मेमरीतून एकदा वाचावं लागतं. फोनची मेमरी सेकंदाला पन्नास-साठ जीबी देते, म्हणजे पंधराएक तुकडे. हिशेब करणारा भाग तोवर रिकामा बसून असतो, अगदी तुमच्या पेनड्राइव्हसमोरच्या तारेसारखा. डेटासेंटरमधल्या एनव्हिडियाच्या एच-१०० या एआय कार्डाची मेमरी सेकंदाला ३.३५ टेराबाइट देते. पन्नास-साठपट. शंकासूर, तुमच्या दांडग्या फोनचं उत्तर इथे आहे: चिप दांडगी आहे, तिच्या आतली गल्ली अरुंद आहे.

आणि मोठी मॉडेलं एका कार्डात मावत नाहीत. म्हणून एनव्हिडियाने एका कपाटात ७२ कार्डं अशी बांधली की ती एकच असल्यासारखी वागतात. एकेका कार्डाला इतरांशी बोलायला सेकंदाला १.८ टेराबाइट. गंमत म्हणजे काका, त्या कपाटात तुमची काच नाही. तांबं आहे. पाच हजारांवर तारा, टोकाला टोक जोडलं तर साधारण दोन मैल. प्रकाशात रूपांतर करणाऱ्या पेट्या बसवल्या असत्या तर नुसत्या त्यांनीच वीस किलोवॅट खाल्ले असते, असं कंपनीनेच सांगितलंय. कपाट आधीच १२० किलोवॅटच्या घरात आहे. आमच्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर आठवला मला.

म्हणून मला वाटतं संगणक गल्लीच्या टोकाला येणार नाही. जिथे वीज आणि पाणी भरपूर मिळेल अशा मोजक्या इमारतींत जाऊन बसेल.

कोपऱ्यातले काका

तांबं! आयुष्यभर तांबं उपटून काच घालत आलो आणि आता शेवटी पुन्हा तांबं. बरं आहे.

रॅकवाला

टोकनवाली, सुरुंग लागला. माझं वाक्य दुरुस्त करतो: संगणक रुंद वाटेकडे जातो हे कायम, पण सगळ्यात रुंद वाट घराकडे येणारी नाही. ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाणारी आहे, आणि आपल्या घरच्या १० जीबीपीएसने ते अंतर कमी होणार नाही, कारण तिकडची वाट त्याहून भराभर वाढतेय. पडदा-कीबोर्ड होईल, पण माझ्या धाग्यातल्या कारणाने नाही.

लॅग्याचं गेमिंग आणि सर्नवाल्यांची चाळणी या दोन गोष्टी मात्र माझ्या दुरुस्त वाक्यातही बसत नाहीत. जिथे क्षणात ठरवायचं असतं तिथे संगणक जागेवरच लागतो. आणि सड्यावरच्या ताईंचं मशिन तिसरं.

सड्यावरची

चौथंही लिहा. वीज आणि पाणी भरपूर मिळेल अशा ठिकाणी, असं टोकनवाली म्हणतायत. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो.

लॅग्या

रॅकवाला, मूळ मुद्दा राहिला. मुंज बघितली का बहिणीने?

रॅकवाला

नाही ना! शनिवारी रात्रीच सगळं क्लाउडवर चढलं, लिंक पाठवली. तिच्याकडे नवीन कनेक्शनवाला अजून आलेला नाही, 'उद्या येतो' चालू आहे तीन आठवडे. ती फोनच्या हॉटस्पॉटवर उतरवतेय. काल विचारलं तर १४ टक्के. आईला रोज संध्याकाळी फोनवर पहिली चार मिनिटं दाखवतात, मातृभोजनाच्या आधी तुटतं.

मेव्हणे रविवारी पुण्याला येतायत. पेनड्राइव्ह त्यांच्या हाती द्यायचा ठरलाय.

लॅग्या

६० जीबी, पुणे-कोल्हापूर साडेचार तास. मेव्हण्यांची बँडविड्थ साधारण ३० एमबीपीएस पडते. कात्रजला ट्रॅफिक लागलं नाही तर.